नर्सरीच्या पिकअपचा काटा

किस्से कोणी मुद्दाम लावत नाही. कुंडीत आपण लावतो गुलाब, आणि शेजारी न विचारता घोळ उगवते, तसं त्यांचं असतं. मी भोपाळला आयुष्यभर नोकरी केली ती झाडांची. त्यातली झाडं किती जगली, किती वाळली, आता नीटसं आठवत नाही. पण आता भोपाळातल्याच कोटऱ्याला मुलाच्या घरी जुन्या मैत्रिणी जमल्या, चहा झाला, की कोणीतरी म्हणतंच, "वानखडे, तुमच्या त्या पिकअपचं सांग गं." मग घोळ निघतेच.

आधी मंडळी सांगते, म्हणजे घोटाळा नको.

एका मोठ्या सरकारी कारखान्याची टाउनशिप होती आमची. तिला स्वतःची नर्सरी होती. झाडांची नर्सरी, एकदा एक बाई मुलाला डबा-वॉटरबॅग देऊन ॲडमिशनला घेऊन आल्या होत्या, म्हणून खुलासा करते. मी तिथे सुपरवायझर. माहेर अकोल्याचं, शिक्षण शेतीचं, नवरा कारखान्यात, क्वार्टर टाउनशिपमधल्या पिपलानीत.

आमचे साहेब साठे. पुण्याचे. सगळं नियमानं करणारे. झारीनं पाणी घालतानासुद्धा घड्याळ बघायचे. पंप आणि वायरिंग बघायला सुरेश दिघे नावाचा इलेक्ट्रिशियन. हा इंदूरचा, मराठी घरातला, पण त्याचं मराठी हिंदीच्या हाताला धरून चालायचं. आणि ड्रायव्हर शफीकमियाँ, जुन्या भोपाळचे. पान तोंडात, बोलणं अदबीचं, आणि कुठल्याही संकटात आवाज एकाच पट्टीत.

पाचवी ती पिकअप. नर्सरीत माझ्या आधीपासून होती. पेट्रोलवर चालायची. तिचा मैल मोजणारा आकडा माझ्या लग्नाच्या आधीच कधीतरी थांबला होता, त्यामुळे किती चालली ते कळायचं नाही. पेट्रोल बांधून मिळायचं, थोडं थोडं, त्यामुळे टाकी एकदम भरून टाकायचीही सोय नव्हती. म्हणजे सगळी भिस्त पेट्रोलच्या काट्यावर. आणि तो काटा खोटं बोलायचा.

*

मी रुजू झाले त्याच आठवड्यात शेणखत आणायला गेलो. पुढे शफीकमियाँ, मी आणि साठे साहेब, मागे काठोकाठ खत. ताजं. काटा पाऊण टाकी दाखवत होता.

कारखान्याच्या सर्वांत बड्या साहेबांच्या बंगल्यासमोर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. बरोबर फाटकात.

"काय झालं?" साठे साहेबांनी विचारलं.

"पेट्रोल खतम, साहब."

"अहो, काटा पाऊण दाखवतोय."

शफीकमियाँनी काट्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. म्हणाले, "साहब, ये काँटा नहीं है, मिज़ाज है. आज खुश है."

त्या दिवशी बंगल्यावर लेडीज क्लबचा चहा होता. एकेक गाडी येऊन थांबायला लागली. रेशमी साड्यांतल्या बाया नाकाला रुमाल लावून आमच्या खताला वळसा घालत आत जायला लागल्या. साठे साहेब इतके खाली सरकले की बाहेरून बघणाऱ्याला फक्त त्यांचं टक्कल दिसलं असतं. मी तर नवीन. मला वाटलं, नोकरी सुरू व्हायच्या आत संपली.

तेवढ्यात बड्या साहेबांची बायको स्वतःच फाटकाशी आली. "ये क्या है? ये गाड़ी यहाँ क्यों खड़ी है?"

शफीकमियाँ उतरले, पान एका गालात सरकवलं आणि सलाम करून म्हणाले, "मैडम, आपके गुलाबों के लिए लाए हैं. ताज़ा है. सोचा, मेहमान भी देख लें."

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "अरे, मैं तो साठे साहब से कब से कह रही थी."

झालं. पूर्ण गाडी तिथेच रिकामी करावी लागली. चहाला आलेल्या बायकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून नर्सरीत फोन सुरू झाले. आमच्या गुलाबांनी काय पाप केलंय, हा प्रत्येकीचा एकच सवाल. त्या मोसमात टाउनशिपच्या प्रत्येक बंगल्याला घरपोच खत गेलं. नर्सरीच्या गुलाबांना काही उरलं नाही. फ्लॉवर शोमध्ये आमच्याच गुलाबांचा आमच्याच खतानं पराभव झाला.

*

यानंतर साठे साहेबांनी काट्याचा अभ्यास सुरू केला. रोज गाडीत बसायचे, काटा बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे.

त्यांना असं दिसलं की सकाळी काटा नेहमी वर असतो आणि दुपारी एकदम खाली येतो. त्यांनी मला बोलावलं. "वानखडेबाई, मला संशय येतोय. दुपारी कोणीतरी पेट्रोल काढतंय."

पाळत ठेवायचं ठरलं. भर दुपारी साहेब आणि मी जास्वंदीच्या ओळीमागे वाकून उभे. मुंग्या चावत होत्या. गाडीजवळ कोणी येईना. शेवटी शफीकमियाँ जेवून आले, गाडीत बसले, आणि त्यांनी गाडी चढावरून काढून आंब्याखाली सपाटीवर, सावलीत लावली. बस.

साहेब धावत गेले आणि काटा पाहिला. खाली आलेला.

सकाळी गाडी चढावर उभी असायची, तेव्हा टाकीतलं पेट्रोल एका अंगाला कलायचं आणि काटा वर जायचा. सपाटीवर आली की खाली. चोर नव्हताच.

साहेब थोडे खट्टू झाले. शफीकमियाँना मात्र ही माहिती फार आवडली. दुसऱ्या दिवसापासून साहेब यायच्या वेळी ते गाडी आणखी उभ्या चढावर लावायला लागले. साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "आपको भरी हुई देखना अच्छा लगता है ना."

*

मग साहेबांनी सांगितलं, काट्याचा नाद सोडा. विहिरीचं पाणी जसं काठीनं बघतात, तसं टाकीत काठी घालून बघायचं.

टाकीचं तोंड वाकडं होतं. सरळ काठी जाईना. नर्सरीत काठ्यांना काय तोटा? साहेबांनी स्वतः वेताची एक लवचिक काठी निवडली, तासली, आणि तिच्यावर तांबड्या रंगानं रेघा मारल्या. रेघांशेजारी त्यांच्या सुबक अक्षरांत लिहिलं: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित करून: धोका.

काठी छान चालली. साहेब खुशीत होते. मग पुढच्या फ्लॉवर शोच्या गडबडीत ती नाहीशी झाली. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, गाडीखाली शोधलं, दिघेवर थोडा वेळ रागावून घेतलं.

शोच्या दिवशी परीक्षक म्हणून कृषी खात्यातले एक वयस्क गृहस्थ आले होते. आमच्या डेलियाच्या कुंडीसमोर ते थबकले. डेलिया खरंच सुरेख होता, ताटाएवढा, गर्द जांभळा. त्याच्या आधाराला आमच्या माळ्यानं हाताला लागली ती काठी खोचली होती.

परीक्षकांनी वाकून वाचलं. पाव. अर्धी. पाऊण. मग माझ्याकडे वळले. "आप लोग पौधे की बढ़त नापते हैं?"

मी मान हलवली.

"और ये नीचे 'धोका'?"

मी म्हटलं, "सर, वहाँ तक पानी चढ़ जाए तो जड़ सड़ जाती है."

"बहुत वैज्ञानिक काम है," ते म्हणाले, आणि पहिलं बक्षीस तिथल्या तिथे आम्हाला मिळालं.

फोटो काढायला साठे साहेबांना बोलावलं. साहेब हसत आले, कुंडीशेजारी उभे राहिले, खाली पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"माझी काठी," ते म्हणाले, आणि त्यांनी ती उपसली.

डेलिया सावकाश, फार सावकाश, परीक्षकांच्या बुटांवर जाऊन पडला.

*

एव्हाना आमच्या पिकअपची कीर्ती ट्रान्सपोर्ट विभागापर्यंत गेली होती. त्यांनी कळवलं की गाडीचे काटे चालत नसतील तर ती भंगारात जाईल, आणि नर्सरीनं यापुढे सफाईवाल्यांची ट्रॉली वापरावी. आमच्या तोंडचं पाणी पळालं. सफाईची ट्रॉली सकाळी सफाई करायची. त्यानंतर तिच्यातून लोकांच्या लग्नाच्या फुलांच्या कुंड्या न्यायच्या म्हणजे कल्पनाच करवेना.

तपासायला ट्रान्सपोर्टचे एक साहेब आले. दक्षिणेकडचे, अतिशय सौम्य, हिंदी बेताची. गाडीत पुढे बसले. मी मध्ये. साठे साहेब भीतीनं मागे, कुंड्यांत.

त्या दिवसांत काटा मधूनच अडकायचा आणि डॅशबोर्डवर थाप मारली की सुटायचा. प्रत्येकाची थाप वेगळी होती. दिघे कलिंगड पारखल्यासारखा टिचकी मारायचा, साठे साहेब पेनच्या टोकानं दार ठोठावल्यासारखं करायचे, शफीकमियाँ सरळ चापट द्यायचे.

गाडी निघाली. काटा तळाला चिकटलेला. समोरून बस येत होती, मियाँचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांनी मान न वळवता पाहुण्यांना सांगितलं, "साहब, एक थप्पड़ मारिए."

पाहुणे दचकले. "हू? किसको?"

"जो सामने है, उसको. बेझिझक मारिए. आदत है उसको."

पाहुण्यांनी समोर पाहिलं. समोर रस्त्यावर सायकलवरून चाललेला एक गृहस्थ होता. पाहुण्यांना घाम फुटला. "नो, नो. ही इज इनोसंट," ते म्हणाले.

मी त्यांना काटा दाखवला. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, हात पुढे केला आणि एखाद्या बाळाला थोपटावं तसं डॅशबोर्डला थोपटलं. काटा तळापासून उठला आणि थेट टोकाला जाऊन थरथरत उभा राहिला.

पाहुणे काट्याकडे बघत राहिले. पुन्हा थोपटलं. काटा अर्ध्यावर आला. पुन्हा. काटा पाऊणवर. त्यांना गंमत वाटायला लागली. नर्सरीला एक पूर्ण फेरी होईपर्यंत ते थोपटत होते.

उतरल्यावर साठे साहेबांनी धीर करून विचारलं, "सर, काटा…?"

"व्हेरी ॲक्टिव्ह," पाहुणे म्हणाले. गाडी वाचली.

*

वाचली खरी, पण पुन्हा तपासणी होणारच होती. आता दिघेनं मनावर घेतलं.

"साहेब, मी सांगून राहिलो ना, काट्याची चूक नाही. अर्थिंगची आहे. टाकीपासून जी वायर गाडीच्या पत्र्याला कसलीय, तिच्यावर गंज आहे. करंट भटकून राहिलाय बिचारा."

तो गाडीखाली शिरला, कानस मारली, वायरी बदलल्या, आणि काळाकुट्ट होऊन बाहेर आला. "आता बघा."

शफीकमियाँनी चावी फिरवली. काटा हलला नाही. दिघेचं तोंड उतरलं. कशाला कोण जाणे, मियाँनी हेडलाइटचं बटण ओढलं. काटा सुर्रकन पूर्ण भरलेल्यावर.

लाइट बंद. काटा खाली. लाइट चालू. काटा वर.

दिघे म्हणाला, कुठलीतरी वायर दुसरीला चिकटली असेल, उद्या बघतो. मियाँनी त्याला थांबवलं. जुन्या भोपाळात कोणीही खाँच असतो. "रहने दो, खाँ. बत्ती जलाओ, टंकी फुल. ऐसी गाड़ी तो नवाबों के पास नहीं थी."

पेट्रोल खरंच वाढत नाही, हे त्यांना पटवायला आम्हाला बराच वेळ लागला. किंबहुना पटलं नसावंच, कारण दुसऱ्या दिवशी साठे साहेबांना घेऊन ते आनंद नगरला रोपं द्यायला निघाले, ते भर दुपारी, दोन्ही दिवे लावून.

आपल्याकडे दिवसा कोणाचे दिवे चालू दिसले की समोरचा माणूस हात वर करून बोटं उघडमीट करतो. दिवे बंद करा म्हणून. रायसेन रोडवर ट्रकवाले, स्कूटरवाले, सायकलवाले, सगळे आमच्याकडे बघून बोटं उघडमीट करायला लागले.

साठे साहेब भोपाळला येऊन बरेच दिवस झाले होते, पण ते स्वतः गाडी चालवत नसत. त्यांनी पहिल्या दोघा-तिघांकडे बघितलं नाही. मग एका सरदारजीनं ट्रकच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून खूण केली, तेव्हा साहेबांना राहवेना. त्यांनीही हात बाहेर काढला आणि बोटं उघडमीट केली.

आनंद नगर येईपर्यंत ते प्रत्येकाला उत्तर देत होते. एका बैलगाडीवाल्यानं काही केलं नाही, तर त्यालाही यांनीच आधी केलं.

परत आल्यावर मला म्हणाले, "वानखडेबाई, पुण्यात इतकी वर्षं राहिलो, शेजारी ओळख दाखवत नाही. इथे बघा. कोण कुठला, पण माणूस नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही."

मी शफीकमियाँकडे पाहिलं. ते पान लावत होते. "हमने नहीं बताया," ते हळूच म्हणाले. "इतने खुश थे."

*

शेवटी दिघेनं टाकीच उघडली. आणि खरं दुखणं सापडलं.

टाकीच्या आत एका दांड्याला पत्र्याचा पोकळ डबा असतो. तो पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल वर, तर डबा वर, तर काटा वर. एवढी साधी गोष्ट. आमच्या डब्याला बारीक भोक पडलं होतं, त्यात पेट्रोल शिरलं होतं, आणि तो अर्धवट बुडालेल्या म्हशीसारखा लटकत होता. कधी वर, कधी खाली, त्याच्या मर्जीनं.

नवीन डबा भोपाळात मिळेना. गाडीच इतकी जुनी. दिघे म्हणाला, "तरंगणारं काहीही चालेल. बुचाचं लाकूड असलं तर एकदम बढिया. पण असं मोठं बूच आणायचं कुठून?"

दुसऱ्या दिवशी साठे साहेबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक जाडजूड बूच काढलं आणि दिघेच्या हातावर ठेवलं. "कुठून आणलं ते विचारू नका," म्हणाले.

दिघेनं बुचाला सुतारांच्या पॉलिशचे हात दिले, वाळवलं, दांड्याला बसवलं. वायरीही सगळ्या नीट केल्या. आणि काटा खरं बोलायला लागला. पेट्रोल भरलं की चढायचा, वापरलं की उतरायचा. आम्ही सगळे गाडीभोवती उभे राहून बघत होतो. शफीकमियाँ म्हणाले, "अब इसमें मज़ा नहीं रहा."

तिकडे साठ्यांच्या घरी वेगळंच चाललं होतं. साठेकाकूंच्या माहेरचा थर्मास होता, त्यांच्या भावानं दिलेला, काचेचा, आणि त्याचं बूच एकाएकी गायब झालं होतं. साहेबांनी सांगितलं, माकडानं नेलं. टाउनशिपमध्ये माकडं होतीच. काकूंनी विश्वास ठेवला. थर्मासला त्या भुट्ट्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, फडक्यात गुंडाळून लावायच्या, आणि अंगणातल्या पेरूवर वानर दिसलं की बाहेर येऊन त्याला उभं-आडवं बोलायच्या. "मेल्या, खायचं तरी नेतास. बूच नेऊन काय केलंस?" शेजारणींना वाटायचं, काकूंचं काहीतरी बिनसलंय.

एकदा साहेबांनी आम्हाला चहाला बोलावलं. काकूंनी थर्मास आणला, बुरकुंड काढलं, चहा ओतला. दिघे मनानं सरळ. तो म्हणाला, "काकू, तुमचे खूप उपकार आहेत. तुमचं बूच एकदम मस्त काम करून राहिलंय."

काकूंचा हात थांबला. "कुठे काम करतंय?"

"पेट्रोलच्या टाकीत. साहेबांनी आणून दिलं ना."

साहेब बशीत बघत होते. काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दिघेला बिस्किटं दिली, मला दिली, बशी साहेबांच्या समोरून तशीच पुढे नेली आणि म्हणाल्या, "माकडानं नेलं म्हणाले होते. तसं खोटं बोलले नाहीत."

*

आणि मग दिघेचं लग्न.

मुलगी अरेरा कॉलोनीतली. नाव सुलभा, शाळेत शिकवायची. घराणं मूळचं ग्वाल्हेरचं. वडील हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, वेळेचे इतके पक्के की मुहूर्तसुद्धा त्यांना विचारून यायचा असं दिघे म्हणायचा. लग्न ठरवतानाच त्यांनी सांगितलं होतं, "पंगतीत मीठ कमी पडलं तर चालेल, पण वऱ्हाड वेळेवर पाहिजे."

कार्यालयात शोभेच्या कुंड्या आमच्या नर्सरीतून जायच्या होत्या, तशी टाउनशिपची पद्धतच होती. सकाळी पिकअप भरून तयार. पाम, क्रोटन, फर्न. तेवढ्यात दिघे मुंडावळ्यांसकट धावत नर्सरीत आला. वऱ्हाडाच्या मेटाडोरचा ॲक्सल तुटला होता.

साठे साहेबांनी क्षणभर विचार केला. सरकारी गाडी, खाजगी लग्न. मग म्हणाले, "कुंड्या न्यायच्याच आहेत. कुंड्यांबरोबर माणसं बसू नयेत असा नियम माझ्या तरी वाचनात नाही."

नवरदेव पुढे, मियाँ आणि मी. मागे साठे साहेब, काकू, दिघेची आई, दोन मावश्या, एक आत्या, आणि इंदूरहून आलेले काका, सगळे पामच्या झाडांत. पैठण्या आणि फर्न. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाग स्वतःच लग्नाला निघाली आहे.

गाडीत बसताना मी काट्याकडे पाहिलं. काटा तळाला.

"मियाँ, पेट्रोल?"

"है, मैडम. अपने हिसाब से है."

"काटा तर संपलंय म्हणतोय."

दिघेनं वाकून पाहिलं, डॅशबोर्डवर कलिंगडाची टिचकी मारली. काटा हलला नाही. तो म्हणाला, "अरे मॅडम, तो काय म्हणतो त्याच्याकडे कशाला बघता? तो खोटं बोलून राहिलाय. सुरुवातीपासूनची सवय आहे त्याची."

मागून साठे साहेबांनी पामच्या फांदीतून डोकं काढलं. "चला, चला. काट्यावर जाऊ नका."

हबीबगंजकडचा चढ अर्धा झाला आणि गाडीनं आचका दिला. मग दुसरा. मग ती थांबली, आणि मियाँनी हँडब्रेक ओढला नसता तर पिपलानीलाच परत गेली असती.

मागून आत्याचा आवाज आला, "पोचलो का?"

मग सगळे उतरले. इंदूरचे काका, साठे साहेब आणि नवरदेव मागे लागले. मावश्यांनी पदर खोचले. काकूंनी चपला काढून हातात घेतल्या आणि "लावा जोर" म्हणून हुकूम सोडायला सुरुवात केली. दिघेच्या मुंडावळ्या कानामागे गेल्या, झब्ब्यावर दोन्ही पंजांचे काळे ठसे. वरात अशी निघाली.

चढ संपतो तिथे एक म्हातारे गृहस्थ स्कूटर बाजूला लावून घड्याळाकडे बघत उभे होते. सुलभाचे वडील. वऱ्हाड दिसेना म्हणून स्वतः बघायला निघाले होते. त्यांनी आधी चढून येणारी झाडं पाहिली, मग झाडांमागचा जावई.

"काय झालं?"

"पेट्रोल संपलं," दिघे धापा टाकत म्हणाला.

"गाडीला काटा नाही?"

"आहे ना."

"तो काय दाखवत होता?"

दिघे जरा घुटमळला. "संपलं म्हणून."

"मग?"

"आम्हाला वाटलं, खोटं सांगून राहिलाय. पूर्वी बिघडलेला होता."

"दुरुस्त कोणी केला?"

दिघेनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी चढाकडे पाहिलं. "मीच," तो म्हणाला.

मास्तरांनी घड्याळ बाहीखाली सारलं. "बसा मागे. मुहूर्त जवळ आलाय," म्हणाले, आणि जावयाला स्कूटरवर घेऊन गेले. आमच्यासाठी त्यांनी एका भाच्याकरवी पेट्रोल पाठवलं.

आम्ही पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता. मंगलाष्टकं थोडी भरभर म्हटली गेली, पण लग्न वेळेत लागलं. दिघेच्या झब्ब्यावरच्या ठशांवर कोणीतरी शेला टाकला होता. पंगतीत बायकांनी सुलभाला घेरलं. नाव घे, नाव घे. वडिलांकडून सगळी हकीकत तिला आधीच कळलेली. ती लाजली वगैरे नाही. घास हातात धरून स्पष्ट आवाजात म्हणाली,

"काटा म्हणे 'संपलं', वऱ्हाड म्हणे 'उरलं',
सुरेशरावांचं नाव घेते, ढकलताना कळलं."

पंगत हसून आडवी झाली. साठे साहेबांना ठसका लागला. समोरच्या पानावर शफीकमियाँ बसले होते, शेरवानी घालून. मुशायऱ्यात शेर पुन्हा ऐकायचा असला की म्हणतात तसं ते हात उंचावून म्हणाले, "वाह. मुकर्रर."

सुलभाला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं.

"वाह, वाह. मुकर्रर."

तिनं तिसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्यानं. मियाँनी पुन्हा हात उंचावला, तेव्हा मास्तर वाढायचं थांबवून पुढे आले आणि म्हणाले, "मियाँ, मराठी आहे. आपको समझ में नहीं आया होगा. मैं मतलब बताऊँ?"

शफीकमियाँनी जिलबीचा तुकडा पानात ठेवला.

"हम तो पहली बार में समझ गए थे, मास्साब," ते म्हणाले. "दूल्हे के लिए पढ़वा रहे हैं."